रिकामी ओटी आणि खाड्याचा हिशेब

दसरा-दिवाळी आटोपली की बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी निघालेल्या या टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. हिशेब माणसांचा होत नाही, कोयत्यांचा होतो. या कोयत्यातील अर्धा वाटा जिचा, त्या स्त्रीला दिवस गेले असले तरी कोयता मोडता येत नाही. कारण तो मोडला तर उचल अंगावर राहते. पुढे हंगामात कोठल्या तरी फडात तिचे पोट पडले, तर मुकादमाच्या वहीत त्या घटनेची नोंद एकाच शब्दाने होते : खाडा. गेलेल्या गर्भाची नोंद कोठेही नाही; बुडालेल्या दिवसाची मात्र आहे, आणि त्याचा दंडही आहे.

आपोआप होणाऱ्या गर्भपाताकडे आपला समाज दोनच दृष्टींनी पाहत आला आहे. एक दृष्टी दैवाची : जे नशिबात नव्हते ते राहिले नाही. दुसरी दोषारोपाची : सुनेने जड उचलले, वेळेवर जेवली नाही, अंगाने फारच वाळलेली होती किंवा फारच सुटलेली होती. दोन्ही दृष्टींचे फलित एकच. दैवाला जाब विचारता येत नाही आणि दोष एकट्या स्त्रीच्या पदरात पडतो. ज्या परिस्थितीने तिचे शरीर घडविले ती परिस्थिती, आणि त्या परिस्थितीचे लाभधारक, दोघेही नामानिराळे राहतात. म्हणून या प्रश्नाविषयी वैद्यकशास्त्र आज काय सांगते हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

२०२१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने गर्भपातावर एक लेखमाला प्रसिद्ध केली. जगात दरवर्षी सुमारे २ कोटी ३० लाख गर्भपात होतात, म्हणजे मिनिटाला चव्वेचाळीस, आणि ओळखल्या गेलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी सुमारे पंधरा अशा रीतीने संपतात, असा तिचा अंदाज होता. जोखीम वाढविणाऱ्या गोष्टींची जी यादी त्या लेखमालेने दिली, ती वाचताना ऊसाच्या फडाचे वर्णन वाचत असल्याचा भास होतो. अगदी कोवळे वय, फार कमी वा फार जास्त शारीरिक वजन, सततचा मानसिक ताण, रात्रपाळीचे काम, दूषित हवा, कीटकनाशकांशी संपर्क. हे सारे एकाच स्त्रीच्या वाट्याला येते, आणि ती कोण हे निराळे सांगावयास नको.

यांतील वजनाचा मुद्दा तपशिलाने पाहण्याजोगा आहे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला डॉक्टर बीएमआय म्हणतात. तो साडेअठराच्या खाली असेल तर माणूस कृश, पंचविसाच्या वर गेला तर वजन जास्त आणि तिसाच्या वर गेला तर लठ्ठपणा, अशी सर्वसाधारण विभागणी आहे. भारतीयांच्या बाबतीत वरच्या मर्यादा याहूनही खाली धरल्या जातात. दीडशे सेंटिमीटर उंचीची स्त्री साडेएकेचाळीस किलोंपेक्षा हलकी असेल तर ती कृश ठरते. खेड्यापाड्यांतील कोणत्याही आरोग्य उपकेंद्राच्या वजनकाट्यावर अशा किती स्त्रिया चढतात, हे आरोग्यसेविका चांगले जाणतात.

इंग्लंडमध्ये सुमारे पावणेसात हजार गर्भधारणांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. गर्भधारणेपूर्वी ज्यांचा बीएमआय साडेअठराहून कमी होता, अशा स्त्रियांत पहिल्या तिमाहीत गर्भपात होण्याची शक्यता ७२ टक्क्यांनी अधिक आढळली. त्याच अभ्यासात रोज ताजी फळे व भाज्या खाणाऱ्या स्त्रियांत ती शक्यता जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसले, आणि मानसिक आघात व ताण सोसणाऱ्या स्त्रियांत ती वाढल्याचे दिसले. दुसऱ्या टोकाला, लठ्ठपणा असलेल्या स्त्रियांत गर्भपाताची आणि विशेषतः वारंवार होणाऱ्या गर्भपातांची जोखीम वाढते, हे अनेक अभ्यासांनी दाखविले आहे. या दुसऱ्या बाजूचा पुरावा अधिक भक्कम आहे, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. ७२ टक्क्यांनी अधिक याचा अर्थ शंभरातल्या बहात्तर स्त्रियांचा गर्भ जातो असा नव्हे. सर्वसाधारण स्त्रियांत शंभरातले तेरा गर्भ जात असतील, तर कृश स्त्रियांत ते सुमारे वीस होतील, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय पहिल्या तिमाहीतील गर्भपातांपैकी जवळजवळ निम्मे गर्भातील गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. त्यांना स्त्रीचे वजन, तिचे काम वा तिचे वागणे यांपैकी काहीच जबाबदार नसते, आणि ते टाळताही येत नाहीत. प्रत्येक गर्भपात भुकेनेच झाला असे सांगत सुटणे हे सत्याला सोडून होईल, आणि ज्या घरात हे दुःख घडले आहे तेथील स्त्रीच्या मनावर नवा बोजा टाकणारेही होईल. परंतु शंभरातले तेरा आणि शंभरातले वीस यांच्यामधील जे सात, ते दैवाच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. ते कोणाच्या खात्यावर टाकायचे, हा या प्रश्नाचा राजकीय गाभा आहे.

भारतीय स्त्री मुळात कोणते शरीर घेऊन मातृत्वाला सामोरी जाते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे १९ टक्के स्त्रिया कृश आहेत, सुमारे २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आहे, आणि गर्भवतींपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. सरासरीने मात्र खरे चित्र झाकले जाते. डायन कॉफी या संशोधिकेने २००५-०६ च्या पाहणीतील आकडे वापरून २०१५ साली असे दाखविले की, गर्भधारणेच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीय स्त्रियांपैकी ४२ टक्के कृश होत्या. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हेच प्रमाण साडेसोळा टक्के होते. गर्भारपणात भारतीय स्त्रीचे वजन सरासरी सातच किलोंनी वाढत होते. परिणामी नऊ महिने भरत आले तरी तिचे वजन आफ्रिकी भगिनीपेक्षा कमीच राहत होते. आपल्यापेक्षा गरीब म्हणून गणल्या जाणाऱ्या देशांतील स्त्रिया आपल्या स्त्रियांपेक्षा धडधाकट असाव्यात, याचे उत्तर केवळ धान्याच्या तुटवड्यात सापडत नाही. जी वयाने सर्वांत लहान, नव्याने घरात आलेली आणि जिच्याकडून लवकर मूल हवे, तीच सून पंगतीत सर्वांत शेवटी बसते आणि उरलेसुरले खाते, या रीतीत ते सापडते. दारिद्र्य आणि पुरुषप्रधानता या दोन सत्ता तिच्या ताटात एकत्र येतात.

इतिहासाचाही एक दाखला विसरता येत नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली, आणि माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली आला. त्यानंतर नऊ महिन्यांनी त्या शहरांतील जन्मांची संख्या निम्म्याच्या आसपास घसरली. या दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्या झेना स्टाइन व मर्विन सुसर यांना असे आढळले की, ही घसरण श्रमजीवी वर्गात वरिष्ठ वर्गांपेक्षा अधिक तीव्र होती. शिधापत्रिका सर्वांना सारखीच होती. पण काळ्या बाजारात खरेदी करण्याची ऐपत सारखी नव्हती. गर्भ धरणे आणि टिकणे या अगदी खाजगी वाटणाऱ्या गोष्टीवरही वर्गाची छाया पडते, हे या उदाहरणाने कायमचे नोंदवून ठेवले आहे.

आता पुन्हा फडाकडे वळावे. पहाटे काळोखात कोपीतली चूल पेटते. रात्रीच्या भाकरी बांधून घेऊन उजाडण्यापूर्वी तोडणी सुरू होते. दिवसभर वाकून ऊस तोडायचा, पाचट सोलायचे, मोळ्या बांधायच्या आणि तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. गर्भवतीला रोज साडेतीनशे कॅलरींचा जादा आहार हवा, असे पोषणशास्त्र सांगते. हे काम जी ताकद शोषून घेते तिच्यापुढे हा जादा घास किती अपुरा! आणि तो तरी कोठून मिळावा? तिचे नाव गावच्या अंगणवाडीत नोंदलेले असते, तिचा सहाशे कॅलरींचा पोषण आहार गावातच राहतो आणि ती दोनशे-तीनशे किलोमीटर दूर दुसऱ्याच्या शिवारात असते. स्थलांतरितांना कोठेही शिधा वा पोषण आहार मिळावा अशा घोषणा आहेत. फडातून रास्त भावाच्या दुकानापर्यंत जायला मात्र दिवस मोडावा लागतो, आणि दिवस मोडला की खाडा. दिवसाला पाचशे रुपयांचा दंड ज्या व्यवस्थेत आकारला जातो, तीत तपासणीसाठी दवाखान्यात जाणे ही चैन ठरते.

या साखळीची पहिली कडी फडाच्याही आधी जुळलेली असते. कोयत्याला जोडी लागते, आणि सहा महिने घर बंद ठेवून जाणाऱ्या आईबापांना वयात आलेली मुलगी मागे ठेवण्याची धास्ती असते. म्हणून तिचे लग्न लवकर उरकले जाते. बीड जिल्ह्यात विशीतल्या विवाहित स्त्रियांत अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा कितीतरी अधिक आढळते, ते याचमुळे. जिच्या स्वतःच्या हाडामांसाची वाढ पुरी झालेली नाही, तिच्या पोटी दुसरा जीव वाढू लागतो. एकाच तुटपुंज्या भाकरीचे दोन वाटेकरी होतात. गर्भ टिकला तरी मूल हलके जन्मते. देशात जन्मणाऱ्या मुलांपैकी सुमारे १८ टक्के अडीच किलोंहून हलकी असतात, आणि त्यांतील मुलगी पुढे अशीच कृश माता होते. कर्ज जसे पिढ्यान्‌पिढ्या चालते, तशीच ही कृशताही वारशाने चालते.

या व्यवस्थेचा सर्वांत भीषण पुरावा २०१९ साली पुढे आला. बीड जिल्ह्यात आधीच्या तीन वर्षांत गर्भाशय काढून टाकण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. त्यानंतर विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील अनेकींनी चाळिशीही ओलांडलेली नव्हती. पाळी म्हणजे खाडा, गर्भ म्हणजे खाडा, गर्भपात म्हणजे अनेक दिवसांचा खाडा. मग गर्भाशयच नको, या निष्कर्षापर्यंत त्या पोहोचल्या किंवा त्यांना पोहोचविण्यात आले. ज्या खाजगी दवाखान्यांनी साध्या अंगावरून जाण्याला कर्करोगाची भीती घातली, त्यांनी या असहायतेचा धंदा केला. वजन, गर्भपात आणि गर्भाशय हे तीन निरनिराळे आरोग्यप्रश्न नव्हेत. एकाच शोषणाच्या त्या तीन पायऱ्या आहेत.

येथे दुसऱ्या टोकाच्या स्त्रीलाही विसरता कामा नये. प्रमाणाबाहेर वजन हा श्रीमंतांचा रोग, असे समजण्याचा प्रघात चळवळीतही आहे. तो आता टिकणारा नाही. शहरातील वस्त्यांत, शिलाईयंत्रावर दहा-दहा तास बसणाऱ्या, चहा-बिस्किटे, वडापाव आणि स्वस्त तेलातल्या तळणीवर दिवस काढणाऱ्या स्त्रीचे वजन वाढते ते सुबत्तेने नव्हे. डाळ, फळे, दूध, अंडी महाग आणि साखर, मैदा, पामतेल स्वस्त, या बाजारभावाने ते वाढते. बाजारातले गणित असे की, जी ऊस तोडते ती वाळते आणि तिने तोडलेल्या ऊसाची साखर स्वस्तात जिच्या पोटात जाते ती फुगते. दोघींच्याही गर्भाची जोखीम वाढते. डॉक्टरांनी वजन उतरविण्याचा सल्ला देणे योग्यच आहे, आणि तो गर्भधारणेपूर्वी दिला पाहिजे, कारण गर्भारपणात उपासतापास करणे घातक ठरते. पण चालायला मोकळी जागा नाही, स्वयंपाकाला वेळ नाही आणि भाजीला पैसा नाही अशा स्त्रीला हा सल्ला म्हणजे आणखी एक टोमणाच ठरतो.

यावर उपाय नाही असे नाही. मातृत्वाचे संरक्षण ही मागणी या राज्याला नवी नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिविषयक लाभांच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, मातेला प्रसूतीपूर्वी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने व मालकाने उचलला पाहिजे, अशी भूमिका घेतली होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला; देशातला तो पहिला. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेचा हक्क दिला, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. कार्यालयातल्या स्त्रीला मिळणारा हा हक्क फडातल्या स्त्रीला का मिळत नाही? कारण कारखाना म्हणतो, ती आमची कामगार नव्हे, मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी मालक नव्हे, कारखान्याचा मध्यस्थ. ऊस कारखान्याचा, साखर कारखान्याची, नफा कारखान्याचा. फक्त तोडणारी स्त्री कोणाचीच नाही.

सरकारी योजनांचीही हीच गत आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी नोकरीबाहेरील प्रत्येक गर्भवतीला किमान सहा हजार रुपये देऊ केले. २०१७ साली आलेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने ते पहिल्या जिवंत अपत्यापुरते आणि पाच हजारांवर आणले. पुढे दुसरे अपत्य मुलगी असेल तर सहा हजारांची भर घातली. दुसरा मुलगा पोटात असेल तर आईला भूक लागत नाही, असे या नियमांचे तर्कशास्त्र दिसते. याउलट तामिळनाडूत १९८७ पासून मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने चालणारी योजना १८ हजार रुपयांपर्यंत पोहोचली. महाराष्ट्रातही आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेखाली गर्भवतींना एक वेळचे पूर्ण जेवण देण्यात येते. जे जेवण आदिवासी पाड्यावर शिजू शकते, ते कारखान्याच्या तळावर का शिजू नये?

यावर एक आक्षेप हमखास येईल : असे हक्क दिले तर मुकादम गर्भवती बाईला, किंबहुना बाईलाच, टोळीत घेणार नाहीत, आणि तिची रोजी जाईल. आक्षेप पोकळ नाही. खर्चाचा बोजा एकेका मुकादमावर टाकला तर तसेच होईल. म्हणूनच हा खर्च टनामागे आकारल्या जाणाऱ्या निधीतून झाला पाहिजे. टोळीत गर्भवती किती यावर कारखान्याची देणी अवलंबून राहता कामा नयेत. ऊसतोड कामगारांसाठी स्थापन झालेल्या गोपीनाथ मुंडे कल्याण महामंडळाला टनामागे ठरावीक रक्कम कारखान्यांनी व तेवढीच सरकारने देण्याचे ठरले आहे. रचना तयार आहे; तिला मातृत्वाच्या हक्काशी जोडण्याची इच्छाशक्ती हवी.

मागण्या स्पष्ट आहेत. हंगामाला निघण्यापूर्वी प्रत्येक स्त्रीचे वजन व रक्त तपासले जावे, आणि तिची आरोग्यपत्रिका कारखान्याच्या क्षेत्रातील आरोग्य केंद्राला बंधनकारक असावी. आजारपण, पाळी, गर्भारपण व गर्भपात यांसाठी खाडा आकारणे गुन्हा ठरावा. गर्भवतीला मोळी वाहण्याच्या व रात्रीच्या भरणीच्या कामातून सूट मिळावी आणि तिच्या मजुरीची भरपाई निधीतून व्हावी. गर्भपातानंतरची सहा आठवड्यांची पगारी विश्रांती फडातल्या स्त्रीलाही लागू व्हावी. प्रत्येक तळावर रोज एक वेळचे ताजे, डाळ-भाजी-अंड्याचे जेवण मिळावे. आणि गर्भपातांची नोंद व्हावी. कारण ज्याची मोजणी होत नाही त्याची मागणीही होत नाही.

पण मागणी सरकारकडे करून कार्यकर्त्यांची जबाबदारी संपत नाही. चळवळीनेही स्वतःला काही प्रश्न विचारले पाहिजेत. ऊसतोड कामगारांच्या संपांतून तोडणीचे दर वाढले. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्क्यांची वाढ मिळाली, ती लढ्यामुळेच. त्या वाटाघाटींच्या मेजावर स्त्रिया किती होत्या? मागणीपत्रकात गर्भवतीच्या विश्रांतीचे कलम कितव्या क्रमांकावर होते? दरवाढ कोयत्याला मिळते, आणि कोयत्याचे पैसे बहुधा पुरुषाच्या हातात पडतात. कोयत्याच्या जागी स्त्री व पुरुष यांची स्वतंत्र नोंद आणि स्वतंत्र मजुरी, ही मागणी संघटनांनी अग्रक्रमाने लढविली पाहिजे. शाखांच्या अभ्यासवर्गांतून, महिला मेळाव्यांतून आणि कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या घरांतूनही, सुनेने सर्वांबरोबर बसून पोटभर जेवावे हा विचार रुजला पाहिजे. आणि जिचा गर्भ गेला तिला कोणी दोष देणार नाही, एवढी माणुसकी तरी वस्तीत निर्माण झाली पाहिजे.

२०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या हलाखीची स्वतःहून दखल घेतली. न्यायालयाची सहानुभूती मोलाची आहे. परंतु जो वर्ग संघटित होत नाही त्याच्या बाजूचे निकालही कागदावरच राहतात, हा अनुभव जुना आहे. आपल्याकडे पहिलटकरणीची ओटी भरताना तीत धान्य, फळे आणि नारळ घालतात. तिला व तिच्या पोटातल्या जीवाला अन्नाची ददात पडू नये, हा त्या रिवाजाचा अर्थ. जो समाज विधीपुरते पसाभर धान्य घालतो आणि नंतर नऊ महिने तिला अर्धपोटी मोळ्या वाहायला लावतो, त्याने रिकाम्या राहिलेल्या ओटीबद्दल दैवाला बोल लावू नये. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी टोळ्या गावातच असतात. संघटनेच्या कामाची वेळ तीच आहे.